घरातले पिस्तूल: हक्क की परवाना?

नातेपुत्याच्या एखाद्या बागायतदाराला स्वसंरक्षणासाठी घरात पिस्तूल ठेवायचे असेल, तर सोलापूरच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. पोलीस चौकशी करतात. शस्त्राची गरज अर्जदारानेच पटवून द्यायची असते.

या व्यवस्थेचे मूळ लॉर्ड लिटनच्या काळातील १८७८ च्या शस्त्र कायद्यात आहे. हिंदी माणसाला परवान्याविना बंदूक बाळगणे गुन्हा ठरले. युरोपियनांना मात्र सूट मिळाली. (वासुदेव बळवंत फडके यांचे बंड पुढच्याच वर्षीचे.) हा अपमान खोलवर बोचला. काँग्रेसने १९३१ च्या कराची ठरावात मूलभूत हक्कांमध्ये शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला, अर्थात नियमांच्या अधीन राहून.

स्वातंत्र्यानंतर डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी संविधान सभेत तोच हक्क मागणारी दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला ठाम विरोध केला. कुणीही बाजारातून हवी ती हत्यारे आणू लागला, तर राज्यकारभार चालायचा कसा, हा त्यांचा सवाल होता. दुरुस्ती फेटाळली गेली. निःशस्त्र केल्याचा संताप खरा होता; पण तत्कालीन गावगाड्यात बंदूक आधी कुणाच्या हाती आली असती आणि तिचा धाक कुणाला बसला असता, हे पाहिले की आंबेडकरांची भूमिका अधिक पटते.

१९५९ मध्ये नवा कायदा झाला, परवाना मात्र कायम राहिला. २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाची मर्यादा तीन बंदुकांवरून दोनवर आणली. तिसरी वर्षभरात पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची होती.