सुपरमॅनशी बरोबरी आणि मालकीचा प्रश्न

१९९४ साली अमेरिकेत 'वर्ल्ड्स कोलाइड' ही १४ भागांची कॉमिक्स-कथा आली. तिच्यात डीसीचे मेट्रोपोलिस आणि माइलस्टोनचे डकोटा ही दोन शहरे एकमेकांवर आदळतात. आयकॉन, हार्डवेअर, स्टॅटिक हे कृष्णवर्णीय नायक सुपरमॅनसमोर बरोबरीने उभे राहतात.

ही बरोबरी कुणी दान दिली नव्हती. ड्वेन मॅकडफी, डेनिस कोवन आदी कृष्णवर्णीयांनी माइलस्टोन उभी केली. १९९३ पासून तिची कॉमिक्स निघू लागली. छपाई आणि वितरण डीसीकडे होते, पण पात्रांची मालकी त्यांनी सोडली नाही. १९९७ मध्ये कॉमिक्स थांबली, तरी २००० साली स्टॅटिक टीव्हीवर पोहोचला.

म्हणून दुसऱ्याच्या कथेत एखादे पात्र मिळाले, एवढ्यावर आम्ही हुरळणार नाही. लेखणी कुणाची, मालकी कुणाची, हे आधी विचारू.