प्रकाशाची खुंटी

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी न्यू जर्सीतला नातू पुण्याच्या आजीला पडद्यावर दिसतो आणि आजी त्याला "किती वाळलास रे!" म्हणते. तो चेहरा उपग्रहावरून, आकाशमार्गे आला, अशी पुष्कळ घरांतून समजूत असते. तसे नसते. तो समुद्राच्या तळाने, केसाएवढ्या काचेच्या तंतूतून, प्रकाशावर स्वार होऊन येतो. त्या तंतूत प्रकाशही एकटा नसतो. ऐंशी-नव्वद निरनिराळ्या रंगांचे प्रकाश एकाच वेळी त्यातून धावू शकतात आणि एकमेकांना धक्का लावीत नाहीत. रंग म्हणायचे ते आपल्या सोयीसाठी. कारण हा प्रकाश तांबड्याच्याही पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा आहे. या रंगांना वळण कसे लागले, त्याची ही हकीकत.

काचेतून प्रकाश वळविण्याची कल्पना जुनी आहे. जिनीव्हाच्या दानिएल कोलाडोन याने १८४१ साली पाण्याच्या धारेत प्रकाश कोंडून दाखविला. धार वाकली की प्रकाशही तिच्याबरोबर वाकतो! १८५४ साली लंडनमध्ये जॉन टिंडाल याने असाच प्रयोग केला. बरोबर शंभर वर्षांनी, १९५४ साली, पंजाबातील मोगा गावी जन्मलेले नरिंदरसिंग कपानी आणि त्यांचे गुरू हॅरल्ड हॉपकिन्स यांनी काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेले. 'फायबर ऑप्टिक्स' हा शब्द रूढ केला तो कपानींनीच. पण हा सगळा मामला हातभर लांबीचा. त्या काळच्या साध्या काचेत वीस मीटर गेले की शंभरातला एक भाग प्रकाश उरे. अशा काचेतून गावाला निरोप धाडणार कसा?

१९६६ साली इंग्लंडमधील हार्लो येथील प्रयोगशाळेत शांघायचा एक तरुण, चार्ल्स काओ, आणि त्याचा सहकारी जॉर्ज हॉकहॅम यांनी एक निबंध लिहिला. दोष काचेचा नाही, काचेतल्या मळाचा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. लोखंडासारख्या धातूंचे अंश काढून टाका. एक किलोमीटरनंतर शंभरातला एक भाग जरी उरला, तरी काम भागेल. पुष्कळांनी माना हलविल्या नाहीत. काओ मात्र काच बनविणाऱ्यांकडे हेलपाटे घालीत राहिला. १९७० साली अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या मॉरर, केक आणि शुल्ट्झ या तिघांनी ती मर्यादा ओलांडली. आज तोच शंभरावा भाग उरतो, तो शंभर किलोमीटरनंतर. काओंना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु तोवर त्यांना विस्मरणाच्या आजाराने ग्रासले होते, आणि त्यांचे व्याख्यान त्यांच्या पत्नीने वाचून दाखविले. जगाच्या बोलण्याला वाट करून देणाऱ्याच्या वाट्याला हे यावे, याला काय म्हणावे?

काच स्वच्छ झाली तरी एका तंतूतून पुष्कळ रंग धाडणे परवडणारे नव्हते. १९८८ साली अटलांटिकखालून पहिली काचतंतूची केबल गेली, तिचे नाव टॅट-८. तिच्यात साधारण पन्नास-पन्नास किलोमीटरवर एक यंत्र बसविलेले होते. थकून आलेल्या प्रकाशाची ते वीज करी, ती वीज ताजी करी आणि पुन्हा तिचा प्रकाश करी. दर रंगाला असे स्वतंत्र यंत्र लागणार! दहा रंग हवेत तर दर मुक्कामाला दहा यंत्रे.

ही अडचण सुटली ती एर्बियम नावाच्या धातूमुळे. स्वीडनमधील इटरबी या लहानशा गावाच्या खाणीने चार मूलद्रव्यांना आपले नाव दिले आहे. एवढा मान मोठमोठ्या राजधान्यांनाही मिळालेला नाही. त्या चौघांपैकी हा एक. १९८७ साली साउदॅम्प्टनला डेव्हिड पेन यांनी आणि अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत एमान्युएल देसुर्विर यांनी दाखवून दिले की, काचेत किंचित एर्बियम घातले आणि त्याला दुसऱ्या लेसरने चेतविले, तर जाणारा प्रकाश वीज न होताच बळकट होतो. सगळे रंग एकदम! शिवाय काच ज्या रंगांना सर्वांत स्वच्छ असते, नेमक्या त्याच रंगांना एर्बियम हात देते. निसर्ग एरवी इतका उदार नसतो.

आता रंगांची गर्दी झाली, आणि गर्दी झाली की शिस्त आली. गवई जसा आधी 'काळी दोन' सांगून आपला षड्ज ठरवितो, तसा या प्रकाशांचाही षड्ज आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ठरवून दिला आहे : १९३.१ टेराहर्ट्झ. तेथून वर आणि खाली ठराविक अंतरावर एकेक स्वर. शेजारच्या दोन रंगांत पुष्कळदा फरक असतो तो एका मिलिमीटरच्या पंचवीस लाखाव्या भागाहूनही थोडका कमी-जास्त. अन् लेसर हा तर नाजूक प्राणी! तो एका अंशाने तापला की त्या अंतराच्या चौथ्या भागाइतका सरकतो. चार अंश तापला की थेट शेजाऱ्याच्या घरात. म्हणून प्रत्येक लेसरच्या पोटाशी त्याला थंड ठेवणारा इवलासा शीतक बसवितात.

परंतु खरी डोकेदुखी शास्त्राची नव्हती, कपाटाची होती. प्रत्येक लेसर एकाच रंगाचा असे, पेटीच्या एकेका सुरासारखा. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली, तेव्हा तक्रार हीच होती की, तिचे सूर कारखान्यातून ठरून येतात, ते जागचे हलत नाहीत. येथेही तेच. ऐंशी रंग म्हणजे ऐंशी जातींचे लेसर. आणि कोणता कधी मरेल हे सांगता येत नाही, म्हणून ऐंशी जातींचे जादा लेसर कपाटात जपून ठेवायचे. एखादी केबल तुटली आणि वाहतूक दुसऱ्या मार्गाने वळवायची झाली, तर त्या मार्गावर आपला रंग आधीच कोणी घेतलेला असायचा. मग माणूस धाडा, लेसर बदला. शास्त्राचा इतिहास लिहिणारे अशा कपाटांकडे पाहत नाहीत. मला मात्र वाटते, पुष्कळ शोधांचा उगम अशा कपाटातच असतो.

पेटीच्या जागी खुंटीचे वाद्य हवे होते. लेसरमध्ये प्रकाश दोन आरशांमध्ये येरझारा घालतो आणि आरसे ज्या रंगाला परतवितात तो रंग टिकतो. आरशात थोडी वीज सोडली की त्याचा रंग सरकतो. पण फार थोडा, हव्या त्या पल्ल्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतका. सांता बार्बरा येथील विद्यापीठातील लॅरी कोल्ड्रेन यांनी यावर जी युक्ती काढली, ती वाचून माझ्यातला शाळामास्तर सुखावला. आपण ज्या व्हर्नियर कॅलिपरने गोळीचा व्यास मोजला, तीच ही युक्ती! पिएर व्हर्निये या फ्रेंच गृहस्थाने १६३१ साली ती प्रसिद्ध केली. दोन पट्ट्या, रेघांचे अंतर किंचित वेगळे. पट्टी जराशी सरकविली की जुळणारी रेघ मात्र लांब उडी घेते. कोल्ड्रेन यांनी दोन्ही आरसे असे केले की, प्रत्येक आरसा एक नव्हे तर कंगव्याच्या दात्यांसारखे अनेक रंग परतवील, आणि दोन कंगव्यांचे दाते किंचित वेगळ्या अंतरावर असतील. जेथे दाते जुळतील तो रंग बोलेल. एक कंगवा केसभर सरकविला की बोलणारा रंग दूरवर उडी मारतो. या कल्पनेचे पेटंट १९९० सालचे. आणि १९९३ साली विजय जयरामन, चुआंग व कोल्ड्रेन यांनी तिची सविस्तर मांडणी केली.

पुढे पैशाचा पूर आला. कोल्ड्रेन यांनी १९९८ साली स्वतःची कंपनी काढण्यात भाग घेतला. २००० साली कॅनडाच्या नॉर्टेलने रंग बदलणारे लेसर करणारी कोअरटेक ही छोटी कंपनी सुमारे १४३ कोटी डॉलरांपर्यंतचे मोल कबूल करून घेतली. वर्षभरात बाजार कोसळला. समुद्रात आणि जमिनीत टाकलेले काचतंतू काळोखात पडून राहिले. कोल्ड्रेन यांची कंपनी २००५ साली दुसरीने घेतली. नॉर्टेलने २००८ साली आणखी एक मोठे काम बाजारात आणले आणि २००९ च्या जानेवारीत ती दिवाळ्यात निघाली. काम टिकले, करणारा बुडाला.

ते काम असे होते. तोवर ग्राहक यंत्र येणारा प्रकाश नुसता आहे की नाही एवढेच पाही. आता ते स्वतःचा एक लेसर त्याच रंगावर लावून आलेला प्रकाश त्याच्याशी ताडून पाहू लागले. जुन्या रेडिओची कळ फिरवून आपण स्टेशन लावीत होतो, त्यातलाच हा प्रकार. त्यामुळे रंग बदलणारा लेसर जसा बोलण्यास तसाच ऐकण्यासही आवश्यक झाला.

२०२० साली ठरलेल्या '४०० झेडआर' या मापाची डबी दोन बोटांएवढी असते. बोलणारा आणि ऐकणारा दोघे तिच्यातच राहतात, आणि बहुधा एकाच लेसरचा प्रकाश दोघांत वाटून घेतात. सेकंदाला चाळीस हजार कोटी अंक ती एका रंगावर शंभरावर किलोमीटर धाडते. रंग कोणता, ते दूरच्या कचेरीतून कळविले जाते. कपाटात जादा म्हणून ठेवायची डबी कोणत्याही रंगाला चालते.