डॅनिश आणि असमिया : शेजारी भाषेच्या सावलीतील दोन भाषांचा तौलनिक इतिहास

प्रस्तावना

डॅनिश ही उत्तर युरोपातील सुमारे ६० लाख लोकांची भाषा, तर असमिया ही २०११ च्या जनगणनेनुसार भारतातील सुमारे १.५३ कोटी लोकांची मातृभाषा आहे. या दोहोंची तुलना प्रथमदर्शनी अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. दोन्ही भाषा इंडो-युरोपीय कुलातील आहेत, एवढाच आधार तुलनेस पुरेसा नाही. तथापि, प्रबळ शेजारी भाषेच्या वर्चस्वातून स्वतःचे स्थान मिळविण्याचा या दोन भाषांचा इतिहास परस्परांवर प्रकाश टाकणारा आहे. प्रस्तुत निबंधात या इतिहासाच्या आधारे भाषा आणि बोली यांतील भेद कोण ठरवितो, या प्रश्नाचा विचार केला आहे.

भाषिक पार्श्वभूमी

डॅनिशचा उगम प्राचीन नॉर्सच्या पूर्व शाखेत, तर असमियाचा उगम मागधी अपभ्रंशाच्या परंपरेत आहे. मराठी व असमियातील 'प' च्या जागी डॅनिशमध्ये 'फ' आढळतो. आपल्या 'पाच'ला डॅनिशमध्ये 'फेम' म्हणतात. व्यंजनांमधील अशा नियमित संबंधांची मांडणी रास्मुस रास्क (१७८७-१८३२) या डॅनिश भाषाशास्त्रज्ञाने १८१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात केली. हाच रास्क १८२० मध्ये मुंबईत आला आणि त्याने पारशी धर्मग्रंथांची हस्तलिखिते मिळवून कोपनहेगनला नेली.

रचनेच्या दृष्टीने एक साम्य लक्षणीय आहे. निश्चितता दर्शविणारा प्रत्यय दोन्ही भाषांत नामाच्या शेवटी जोडला जातो. डॅनिशमध्ये 'हुस' म्हणजे घर आणि 'हुसेत' म्हणजे ते विशिष्ट घर. असमियात 'घर' आणि 'घरटो'. मात्र डॅनिशमध्ये हा प्रत्यय नामाच्या व्याकरणिक लिंगानुसार बदलतो. असमियात व्याकरणिक लिंगच नाही. तेथे वस्तूचा आकार व व्यक्तीचा दर्जा यांनुसार प्रत्यय निवडला जातो. म्हणजेच हे साम्य समान वारशातून आलेले नसून दोन्हीकडे स्वतंत्रपणे घडलेले आहे.

जर्मनच्या छायेतील डॅनिश

मध्ययुगात हान्सा व्यापारी संघाच्या प्रभावामुळे लो जर्मनमधील असंख्य शब्द, इतकेच नव्हे तर उपसर्गही, डॅनिशमध्ये आले. १५५० मध्ये राजा तिसरा ख्रिस्तियन याच्या काळात प्रसिद्ध झालेल्या बायबलमुळे लेखनभाषेस स्थैर्य लाभले. तरीही अठराव्या शतकापर्यंत दरबार व सैन्य यांत जर्मनचेच प्रस्थ होते. १७७० ते १७७२ या काळात राजसत्ता हाती घेणारा जर्मन वैद्य स्ट्रुएन्से याला डॅनिश बोलता येत नव्हते. त्याच्या पतनानंतर १७७३ मध्ये सैन्यातील आज्ञांची भाषा डॅनिश करण्यात आली आणि १७७६ च्या कायद्याने सरकारी पदे देशात जन्मलेल्यांसाठी राखून ठेवण्यात आली. येथे एक बाब महत्त्वाची आहे. डॅनिशला हे स्थान मिळवून देणारी राजसत्ता डॅनिशभूमीतच होती.

बंगालीच्या छायेतील असमिया

असमियाला असा राजाश्रय पूर्वी लाभला होता. चौदाव्या शतकात माधव कंदली यांनी रामायण असमियात आणले. शंकरदेवांनी वैष्णव साहित्याची परंपरा उभी केली. आहोम राज्यकर्त्यांनी स्वतःची ताई भाषा मागे सोडून कालांतराने असमियाचा स्वीकार केला आणि 'बुरंजी' हे इतिहासग्रंथ याच भाषेत लिहवून घेतले. १८२६ च्या यांडाबो तहानंतर आसाम कंपनी सरकारच्या ताब्यात गेला. असमिया ही बंगालीची बोली आहे, या समजुतीतून आणि प्रशासकीय सोयीसाठी १८३६ मध्ये न्यायालये व शाळा यांत बंगाली लागू करण्यात आली.

या निर्णयाविरुद्ध अमेरिकन बाप्टिस्ट मिशनरी व स्थानिक सुशिक्षित यांनी दीर्घ लढा दिला. १८४६ मध्ये शिवसागर येथून 'अरुणोदोई' हे मासिक सुरू झाले. आनंदराम ढेकियाल फुकन (१८२९-१८५९) यांनी १८५५ मध्ये असमियाच्या स्वतंत्र अस्तित्वाचे प्रतिपादन करणारी इंग्रजी पुस्तिका प्रसिद्ध केली. १८७३ मध्ये, म्हणजे ३७ वर्षांनी, असमियाला तिचे स्थान परत मिळाले.

श्रीरामपूरचा दुवा

या दोन इतिहासांचा प्रत्यक्ष संगम बंगालमधील श्रीरामपूर येथे आढळतो. १७५५ पासून १८४५ पर्यंत, मधला इंग्रजी ताब्याचा काळ वगळता, ही डॅनिश वसाहत होती. कंपनीच्या प्रदेशात मिशनऱ्यांना मज्जाव असल्याने विल्यम केरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी येथे आश्रय घेतला. येथील छापखान्यातून १८०५ मध्ये केरींचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले, तर १८१९ मध्ये असमिया नवा करार व १८३३ मध्ये संपूर्ण असमिया बायबल बाहेर पडले. या भाषांतरांच्या भाषेवर बंगालीची छाप असल्याची टीका पुढील मिशनऱ्यांनी केली, हेही नमूद केले पाहिजे. डॅनिश राजाच्या ध्वजाखाली झालेल्या या कार्याने असमियाला मुद्रणाचे साधन दिले, परंतु तिचे स्वरूप तिच्या भाषकांनाच निश्चित करावे लागले.

निष्कर्ष

डॅनिश, नॉर्वेजियन व स्वीडिश यांचे भाषक परस्परांची भाषा बऱ्याच अंशी समजू शकतात. तरीही त्यांना कोणी एका भाषेच्या बोली म्हणत नाही. मग बंगालीशी साम्य असल्याने असमियाला बोली ठरविणे हा निकष भाषिक नव्हता, तो सत्तेचा होता, हे स्पष्ट होते.

परंतु इतिहासाची दुसरी बाजूही दुर्लक्षिता येत नाही. जर्मनपासून मुक्त झालेल्या डॅनिशनेच फेरो बेटे व ग्रीनलंड येथे वर्चस्व गाजविले. फेरोईला १९४८ मध्ये, तर ग्रीनलँडिकला २००९ मध्ये तेथील प्रमुख भाषेचे पूर्ण स्थान मिळाले. आसामातही १९६० च्या राजभाषा कायद्याविरुद्ध बराक खोऱ्यात आंदोलन झाले आणि १९ मे १९६१ रोजी सिलचर येथील गोळीबारात ११ जणांचा बळी गेला. ज्या भाषेने अन्याय सोसला, तिच्या नावाने दुसऱ्या भाषेवर अन्याय होणार नाही, अशी हमी इतिहास देत नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठी व असमिया यांना, बंगालीसह, एकाच वेळी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. एकेकाळी जिची बोली म्हणून असमियाला नाकारले गेले, तिच्याच पंक्तीत ती आज समान मानाने बसली आहे. या गौरवाचा आनंद मानताना आपल्या परिसरातील लहान भाषा व बोलींकडे आपण कोणत्या दृष्टीने पाहतो, याचा विचार मराठी अभ्यासकांनीही करणे अगत्याचे आहे.