अमेरिकेतील हायस्कूल डिप्लोमा

* लेखकाने इथे ‘तिकडची बारावी’ म्हटले आहे ते वाचकाच्या सोयीसाठी. अमेरिकेत आपल्यासारखी बोर्डाची एकच निर्णायक परीक्षा नसते. नववी ते बारावी अशी चार वर्षे विषयामागून विषय पार करत क्रेडिट जमवायचे. नियम राज्यागणिक वेगळे. प्रस्तुत प्रकरण न्यू जर्सीतले. तिथे किमान १२० क्रेडिट लागतात आणि वर्षभराच्या नेहमीच्या विषयाला साधारण ५ मिळतात. इंग्रजी चारही वर्षे. गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे तीन-तीन वर्षे. परकीय भाषा, कला, आर्थिक साक्षरता यांतूनही सुटका नाही. शारीरिक शिक्षण तर दरवर्षी सक्तीचे. पी.टी.चा तास गणिताच्या बाईंना देऊन टाकणाऱ्या शाळांत वाढलेल्या आपल्या पालकांना हे पचायला वेळ लागतो. ही झाली राज्याची किमान अट. स्थानिक शाळा-मंडळ ती वाढवू शकते आणि डिप्लोमाही तेच देते. शिवाय अकरावीत इंग्रजी व गणिताची राज्यस्तरीय चाचणी असते. तीत कमी पडलेल्यांना सॅटसारख्या परीक्षेतले गुण किंवा स्वतःच्या कामाचा संग्रह पुढे करता येतो. (मॅसॅच्युसेट्समध्ये चाचणीची अशी अट मतदारांनीच नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदानाने काढून टाकली.) म्हणून मजकुरातल्या काकूंचा ‘किती टक्के पडले?’ हा प्रश्न तिथे गैरलागू आहे. कॉलेजे मुख्यतः पाहतात ती चार वर्षांच्या ग्रेडची नोंद, आणि बहुतेकांचा प्रवेश डिप्लोमा हाती पडण्याआधीच ठरलेला असतो. — संपादक