गावाची राखण कोणाची? रामोशी ते पोलीस पाटील

१/ आज बारामती-इंदापूर परिसरात चोरी झाली, तर फिर्याद पोलीस ठाण्यात नोंदवली जाते. पेशवाईत मात्र या मुलखात गावाची राखण रामोशी करीत. त्याबद्दल त्यांना रखवालीचा हक्क मिळे.

२/ हक्कासोबत जोखीमही होती. चोरी झाली, की रामोश्याने माग काढायचा. माग शेजारच्या गावाच्या शिवेत नेऊन पोचवला, की जबाबदारी त्या गावाची. तो मध्येच हरवला, तर भरपाई राखणदाराच्या माथी.

३/ १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. कंपनी सरकारने पुरंदर भागातील रामोश्यांचे जुने हक्क काढून घेतले आणि राखणदारच बंडाला उभे राहिले. त्यांचे नायक उमाजी नाईक. कंपनीने मध्यंतरी त्यांना माफी देऊन चाकरीत घेतले. पण पुन्हा बंड झाले आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी देण्यात आली.

४/ १८६७ च्या मुंबई ग्राम पोलीस कायद्याने गावचा बंदोबस्त पाटलाच्या हाती दिला. वतनी पाटीलकी गेल्यावर १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस कायद्यान्वये शासननियुक्त पोलीस पाटील आले.

५/ पहारा वतनातून नेमणुकीत आला. चोरीची भरपाई स्वतः देणारा राखणदार मात्र इतिहासजमा झाला.