एका उन्हाळी वर्गाचे नियम



जून महिना उजाडला कीं घरोघरीं कॉलेजांच्या माहितीपुस्तिका दिसूं लागतात. अमुक टक्के हजेरी हवी, अमुक गुण हवेत, प्रयोगवहीवर सही झाल्यावांचून परीक्षेस बसतां येणार नाहीं, अशीं कलमें त्यांत असतात. पालक तीं वाचतात, विद्यार्थी वाचीत नाहींत, आणि दोघेही त्यांस केवळ एक उपचार समजतात. आज मी आपणांस अशा एका वर्गाची हकीकत सांगणार आहें, कीं ज्याचे नियम हेंच त्याचें अर्धें शिक्षण होतें.

हा वर्ग १९४५ च्या उन्हाळ्यांत अमेरिकेंत कोल्ड स्प्रिंग हार्बर येथें प्रथम भरला. न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेस लाँग आयलंड नांवाचें लांबट बेट आहे. त्याच्या उत्तर किनाऱ्यावर, एके काळीं देवमाशांच्या शिकारीस जाणारीं गलबतें जेथें लागत, त्या खाडीच्या कांठीं ही प्रयोगशाळा आहे. वर्ग अवघा तीन आठवड्यांचा. त्याची पदवी मिळत नसे. येणारांत तरुण विद्यार्थी असत, तसे नांवाजलेले शास्त्रज्ञही असत. प्रवेशाची अट मात्र एकच होती : मोठमोठ्या संख्यांचा गुणाकार व भागाकार बिनचूक करून दाखवावा. रेणवीय जीवशास्त्र ही विद्याशाखा ज्या वर्गांतून मोठ्या अंशानें उभी राहिली, त्याच्या दाराशीं प्राथमिक शाळेंतल्या मुलाची परीक्षा होती!

वर्ग काढणारे गृहस्थ मॅक्स डेलब्रुक. १९०६ सालीं ते बर्लिन येथें जन्मले. शिक्षणानें ते पदार्थविज्ञानी. १९३२ सालीं कोपनहेगन येथें नील्स बोर यांचें प्रकाश व जीवन या विषयावरील व्याख्यान ऐकून त्यांचें मन जीवसृष्टीकडे ओढलें गेलें, आणि १९३७ सालीं ते अमेरिकेस आले. त्यांचे सहकारी साल्व्हाडोर लुरिया हे इटलींतील ज्यू. मुसोलिनीच्या कायद्यांमुळें त्यांनीं मायदेश सोडला, आणि १९४० सालीं जर्मन फौजा पॅरिसवर चालून येतांच सायकलीवरून दक्षिणेची वाट धरून ते अखेर न्यूयॉर्कला पोंचले. अमेरिकन सरकारच्या लेखीं हे दोघेही शत्रुराष्ट्राचे नागरिक होते. देशांतील बहुतेक विद्वान् युद्धकार्यांत गुंतलेले असतां हे दोघे जंतूंची गणती करीत बसले. ज्या वर्षीं वर्ग सुरू झाला, त्याच वर्षींच्या एप्रिलांत डेलब्रुक यांच्या बहिणीचे यजमान क्लाउस बोनहोफर यांस नाझींनीं बर्लिनमध्यें गोळी घालून ठार केलें होतें. ही पार्श्वभूमि ध्यानांत असली म्हणजे त्या शांत खाडीकांठच्या वर्गाचें मोल अधिक कळतें.

त्यांच्या अभ्यासाचा विषय होता फाज, म्हणजे जंतूंच्या शरीरांत शिरून त्यांस फोडणारा विषाणु. १८९६ सालीं आग्रा येथील हॅन्किन यांनीं, गंगा-यमुनेच्या पाण्यांत कॉलऱ्याचे जंतु फार काळ टिकत नाहींत, असें नमूद केलें होतें. त्याचें कारण हाच विषाणु असावा, असें पुढें पुष्कळांनीं म्हटलें. १९१५ सालीं ट्वॉर्ट यांनीं इंग्लंडांत व १९१७ सालीं देरेल यांनीं पॅरिसमध्यें त्याचा स्वतंत्रपणें शोध लावला. परंतु पुढें कित्येक वर्षें या क्षेत्रांत मोठा गोंधळ माजला होता. प्रत्येक संशोधकाचा फाज निराळा, जंतु निराळा, पोषक रसही निराळा. एकाचें उत्तर दुसऱ्यास पडताळून पाहतां येईना.

१९३९ सालीं एमरी एलिस व डेलब्रुक यांनीं फाजाची वाढ घड्याळ लावून मोजली. जंतूंत शिरल्यावर सुमारें अर्धा तास कांहींच घडत नाहीं. मग जंतु फुटतात आणि एकेका जंतूंतून अनेक फाज एकदम बाहेर पडतात. जीवनाची एक घटना अशी आंकड्यांत सांपडली. पुढें १९४४ सालीं डेलब्रुक यांनीं सहकाऱ्यांपुढें एक तह मांडला : यापुढें सर्वांनीं टी-१ पासून टी-७ पर्यंतचे सातच फाज वापरावे, आंतड्यांतील ई. कोलाय जंतूचा ‘बी’ हा एकच वाण घ्यावा, आणि प्रयोगाची परिस्थितीही सारखी ठेवावी. ‘माझा फाज’ असें म्हणण्याचा हक्क प्रत्येकानें सोडावा, असा त्याचा अर्थ. वर्गाचा हाच पाया होता.

आतां गुणाकाराची अट कां, तें पाहूं. एका घनसेंटिमीटर द्रवांत अब्जावधि फाज असूं शकतात, आणि ते साध्या सूक्ष्मदर्शकांतूनही दिसत नाहींत. म्हणून तो द्रव शंभर पट पातळ करावयाचा, त्यांतला थोडा घेऊन पुन्हा शंभर पट, असें चार वेळां. शेवटच्या नळींतील एक दशांश घनसेंटिमीटर द्रव जंतूंत मिसळून बशींतील आगरावर पसरावयाचा. दुसऱ्या दिवशीं जंतूंच्या दुधी थरांत स्वच्छ ठिपके उमटतात. एक ठिपका म्हणजे मूळचा एक फाज. ठिपके ८७ भरले, तर मूळ द्रवांत दर घनसेंटिमीटरला ८७ अब्ज फाज होते, असा हिशेब निघतो. हिशेबांत एक शून्य चुकलें, कीं सारा दिवस फुकट. जो शून्यांविषयीं बेफिकीर, त्याच्या हातीं पिपेट देऊन उपयोग नाहीं, हें त्या अटीचें तात्पर्य.

अशा गणतीनें काय साधतें, हें लुरिया व डेलब्रुक यांनीं १९४३ सालींच दाखविलें होतें. फाजास दाद न देणारे जंतु फाजाच्या संपर्कानें तयार होतात, कीं ते आधींच आपोआप उपजलेले असतात, हा वाद होता. त्यांनीं अनेक नळ्यांत जंतु वेगवेगळे वाढविले आणि प्रत्येक नळींतील टिकाव धरणारे जंतु मोजले. फाजामुळें ते होत असते, तर सर्व नळ्यांत आंकडे जवळजवळ सारखे येते. प्रत्यक्षांत पुष्कळ नळ्यांत शून्य, तर एखादींत शंभराहून अधिक! म्हणजे बदल आधींच झालेला होता; ज्या नळींत तो लवकर झाला, तेथें त्याची संतति मोठी झाली. आंकड्यांतील विषमता, जी दुसऱ्या कोणीं हातचलाखीची चूक म्हणून खोडून टाकली असती, तीच येथें उत्तर ठरली.

याच ठिकाणचा एक जुना इतिहास येथें सांगितला पाहिजे. १९१० पासून १९३९ पर्यंत कोल्ड स्प्रिंग हार्बर येथें वंशसुधारणेच्या नोंदींचें एक कार्यालय होतें. घराण्यांची माहिती गोळा करून तेथें माणसांची वर्गवारी होई : हा मंदबुद्धि, तो दुराचारी, आणि हें सारें रक्तांतून आलेलें! निष्कर्ष आधीं ठरलेला, नोंदी मागाहून. सक्तीच्या नसबंदीच्या कायद्यांस आणि १९२४ च्या परदेशी लोकांस मज्जाव करणाऱ्या कायद्यास त्या नोंदींचा आधार देण्यांत आला. कार्यालय बंद पडल्यावर सहा वर्षांच्या आंत त्याच गांवीं ‘आधीं नीट मोजा, मग बोला’ असें शिकविणारा वर्ग भरला. आनुवंशिकतेचीच गणती दोहोंकडे होती. प्रामाणिकपणा मात्र एकीकडेच होता.

वर्गांत पूर्वीं झालेलेच प्रयोग विद्यार्थ्यानें स्वतःच्या हातांनीं पुन्हा करावे, अशी रीत होती. प्राध्यापकासही तेथें नळ्या भराव्या लागत. डेलब्रुक यांचा स्पष्टवक्तेपणा तर प्रसिद्धच होता. न पटलेलें व्याख्यान वाईट झालें, असें ते वक्त्याच्या तोंडावर सांगत. तरीही ते कर्मठ नव्हते. प्रयोगांत थोडी ढिलाई असावी, म्हणजे अनपेक्षित कांहींतरी घडेल. परंतु ती मर्यादित असावी, म्हणजे काय घडलें तें कळेल, असें त्यांचें मत होतें.

१९४७ च्या वर्गांत लिओ झिलार्ड येऊन बसले. अणुसांखळीची कल्पना प्रथम ज्यांस सुचली, आणि तिच्यांतून निघालेला बाँब जपानवर टाकूं नये म्हणून ज्यांनीं १९४५ सालीं सह्यांचा अर्ज फिरविला, तेच हे. पन्नाशीच्या उंबरठ्यावर ते ठिपके मोजावयास शिकले. त्यांच्यासमवेत अणुबाँबच्या कामांतले रसायनज्ञ अ‍ॅरन नोव्हिक होते. १९४८ सालीं पदार्थविज्ञानी सीमूर बेंझर आले. त्यांनींच पुढें फाजाच्या एका जनुकाचा अंतर्गत नकाशा काढला. मृत्यूच्या विद्येंतून जीवनाच्या विद्येकडे येणारांस हा वर्ग जणूं एक धक्का होता; तेथें उतरावयाचें आणि नवी वाट धरावयाची.

परंतु नियमांचे गुण सांगतांना त्यांचा दोषही सांगितला पाहिजे. कांहीं फाज जंतूस लगेच न मारतां त्याच्यांत पिढ्यान् पिढ्या गुप्तपणें राहतात, असें कांहीं संशोधक पूर्वींपासून म्हणत. तहांतले सात फाज तसे नव्हते, म्हणून डेलब्रुक यांनीं तें म्हणणें उडवून लावलें. १९५० सालीं पॅरिसमध्यें आंद्रे ल्वॉफ यांनीं एकेक जंतु सूक्ष्मदर्शकाखालीं धरून तें सिद्ध केलें. ‘बी’ वाणाच्या बाहेर, के-१२ नांवाच्या वाणांत, एस्थर लेडरबर्ग यांस तसाच लॅम्डा नांवाचा फाज सांपडला. ज्या कुंपणानें शेत राखलें, त्याच कुंपणानें शेजारचें पीक दृष्टीआड केलें होतें. डेलब्रुक यांनीं मात्र पुरावा पुढें येतांच आपली चूक मान्य केली. वर्गाचा खरा नियम त्यांनीं स्वतःसही लावला.

पुढें मार्क अ‍ॅडम्स यांनीं १९५६ त मृत्यु येईपर्यंत हा वर्ग निष्ठेनें चालविला. एकंदर सव्वीस उन्हाळे तो भरला आणि १९७० सालीं थांबला. १९६९ सालीं डेलब्रुक, लुरिया व तहांतले त्यांचे सहकारी आल्फ्रेड हर्शी यांस नोबेल पारितोषिक मिळालें. आज विश्वविद्यालयांतून रेणवीय जीवशास्त्राचे प्रारंभिक वर्ग चालतात. त्यांच्या नियमावल्या लांबलचक असतात. त्या असोत बापड्या. परंतु आपल्या प्रयोगवह्यांत अजूनही ‘यावयास हवें’ तें उत्तर आधीं लिहून आंकडे मागाहून बसविण्याची संवय आढळते, आणि तशा वहीवरही सही होते. मी स्वतः विद्यार्थी असतांना तसें केलें आहे. सहीही मिळाली, विद्या मिळाली नाहीं.

म्हणून या जूनमध्यें माहितीपुस्तिका हातीं आली, कीं मुलास हजेरीचें कलम अवश्य दाखवा. पण त्याच्या वहींतील एखादा वेडावांकडा, न जुळणारा आंकडा दिसला, तर तो खोडूं देऊं नका. कदाचित् उत्तर तेथेंच असेल.