दीप जोशी, जामखेड आणि माझा अडकलेला निबंध

गेले तीन विकांत मी एकाच निबंधावर अडकून पडलोय. एमबीएचा फॉर्म भरतोय. प्रश्न असा: नेतृत्व आणि सामाजिक उद्योजकता यांत तुम्हाला रस का आहे? पाचशे शब्दांत लिहा. पहिल्या मसुद्यात मी 'समाजाचं ऋण फेडायचंय' वगैरे लिहिलं होतं. रूम पार्टनरने ते खड्या आवाजात वाचून दाखवलं आणि आम्ही दोघंही पोट धरून हसलो. मग म्हटलं, आधी ज्यांनी हे खरंच करून दाखवलंय त्यांच्याबद्दल वाचावं. त्यात दीप जोशी सापडले.

जोशी मूळचे पिथोरागढकडच्या एका पहाडी खेड्यातले. अलाहाबादला इंजिनियरिंग, मग अमेरिकेत एमआयटीतून इंजिनियरिंगची मास्टर्स, वर तिथल्याच स्लोन स्कूलची मॅनेजमेंटची डिग्री. इथपर्यंतची गोष्ट आपल्या हपिसातल्या निम्म्या लोकांना तोंडपाठ असते, फक्त पुढच्या प्रकरणात न्यू जर्सीतलं घर येतं. हे गृहस्थ मात्र परत आले आणि चक्क आपल्या पुण्यात, सिस्टिम्स रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये नोकरीला लागले.

त्या नोकरीत, सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात, त्यांना जामखेडला जायचा योग आला. नगर जिल्ह्यातलं (आताचं अहिल्यानगर) हे गाव म्हणजे कायम दुष्काळी टापू. तिथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० पासून काम करत होते. दोघंही वेल्लोरला शिकलेले, मग जॉन्स हॉपकिन्समधून सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन आलेले. त्यांनी हॉस्पिटल काढलं, पण खरी गंमत हॉस्पिटलच्या बाहेर होती. गावागावातल्या, बहुतेक निरक्षर असलेल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. बाळंतपण, पोरांची हगवण, कुपोषण, पाणी उकळून पिणं हे सगळं त्या बघायच्या. डॉक्टर लागायचा तो फक्त डॉक्टरचंच काम असेल तेव्हा.

जोशींना तिथे जे दिसलं ते ते पुढे वारंवार सांगत आले. गावात तळमळीची माणसं पुष्कळ असतात आणि शहरात हुशार माणसं पुष्कळ असतात. आरोळ्यांकडे दोन्ही गोष्टी एकाच जागी होत्या. मग अशी माणसं इतकी कमी का? समाजकार्य म्हणजे त्यागच असं आपण धरून चालतो म्हणून? ते चोख शिकलेल्या माणसाचं रीतसर करियर का असू नये?

पुढे जोशी फोर्ड फाऊंडेशनच्या दिल्ली ऑफिसात गेले. तिकडे आयआयटी दिल्ली आणि आयआयएम अहमदाबाद करून आलेले विजय महाजन बिहारमध्ये भूमिहीनांबरोबर काम करत होते. या मंडळींनी १९८३ मध्ये 'प्रदान' ही संस्था काढली. शिकलेल्या मुलामुलींनी खेड्यात राहायचं, पगार घ्यायचा आणि काम करायचं. इतकं सरळ.

आता मॅनेजमेंट शिकलेल्या माणसाचा तिथे उपयोग काय, हे मला मध्य प्रदेशातल्या केसल्याच्या कोंबड्यांमुळे कळलं. (हसू नका.) केसला होशंगाबाद जिल्ह्यात आहे, आता त्याला नर्मदापुरम म्हणतात. आदिवासी बायकांनी परसात छोटी शेड बांधून तीन-चारशे ब्रॉयलर पाळायचे, ही कल्पना. अडचण अशी की चिकनचा भाव रोज हलतो. एक खेप पडत्या भावात सापडली की गरीब घर उठूच शकत नाही. म्हणून त्यांच्या सहकारी संस्थेने पिल्लं, खाद्य, औषध स्वतःच्या हिशेबात घेतलं आणि विक्रीही स्वतःकडे ठेवली. बाईला पैसे मिळतात ते त्या दिवशीच्या बाजारभावावर नाही. किती खाद्यात किती वजन वाढलं आणि किती पिल्लं मेली यावर. म्हणजे जे तिच्या हातात आहे तेवढ्याचंच तिने उत्तर द्यायचं. आमच्या भाषेत सांगायचं तर बाजारभाव तिच्या मॉड्यूलमध्ये येतच नाही. हे वाचल्यावर मी खुर्चीतून उठून चहा करून घेतला. कुणाला तरी हे आकडे मांडत रात्री जागाव्या लागल्या असणार, आणि त्याला कुणी 'नेतृत्व' म्हणत नाही.

प्रदानची दुसरी एक गोष्ट तर थेट आपल्या धंद्यातली: 'कॉम्प्युटर मुन्शी'. बचत गटाने बैठकीतल्या व्यवहारांच्या चिठ्ठ्या पाठवायच्या, गावाजवळच बसलेल्या मुन्शीने त्या कॉम्प्युटरवर चढवायच्या आणि हिशेब छापून परत धाडायचा. मुन्शीची फी गटच देणार. डेटा एंट्रीच की! पण हिशेब चुकला की गट फुटतो.

सगळं असंच गोड झालं असं नाही. महाजनांनी १९९६ मध्ये 'बेसिक्स' हा गट काढला, गरिबांना धंद्यासाठी कर्ज आणि सोबत इतर मदत देणारा. २०१० मध्ये आंध्रात मायक्रोफायनान्सच्या वसुलीवरून रान पेटलं, ऑक्टोबरमध्ये सरकारने वटहुकूम काढला, परतफेड ठप्प झाली आणि बेसिक्सच्या कर्ज देणाऱ्या कंपनीलाही जबर फटका बसला. तेव्हा महाजन त्या व्यवसायाच्या संघटनेचेच अध्यक्ष होते. डिग्री, नियत आणि इतक्या वर्षांचा अनुभव गाठीशी असूनही. हे प्रकरण मी दोनदा वाचलं, आणि माझ्या निबंधात ते कुठे बसवावं हे अजून कळलेलं नाही.

आरोळे दांपत्याला मॅगसेसे मिळालं १९७९ मध्ये, जोशींना २००९ मध्ये. मधली तीस वर्षं बहुतेक खाद्याच्या पोत्यांचे हिशेब करण्यात गेली असावीत.

काल आईला फोनवर हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे एवढी फी भरून तू कोंबड्या पाळणार?" मी म्हटलं, "अगं, पाळणार दुसरंच कुणीतरी. मी हिशेब ठेवीन." "मग तो इथे बसून ठेव की," ती म्हणाली.

समाजाच्या ऋणाचा परिच्छेद उडवलाय. त्या जागी केसल्याचा हिशेब लिहिलाय. अजून एकशे ऐंशी शब्द जास्त होतायत, आणि पुढच्या विकांताला मी जामखेडच्या एस्टीत असेन.